डोळा दुखला पायजे

माझा उजवा डोळा गेला तवा आमच्या घरी तांबडा रस्सा केलता.

खरं सांगतोय. मला नागीण उठलती. उजव्या भुवईपासनं केसापर्यंत फोडांची माळ, आन् डोळा सुजून लिंबाएवढा. नुसती आग. कपाळाला वारा लागला तरी वरडायचो. आमची आई, मीनाबाई, हातकणंगल्याच्या आमच्या वस्तीत बुद्धवंदना सांगणारी बाई. घरात बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. पण नागिणीचं नाव काढल्यावर म्हणाली, "प्रतिज्ञा प्रतिज्ञेच्या जागी, गेरू गेरूच्या जागी." आन् गेरू उगाळून फासला मला.

मग एक दिवस दुखायचं थांबलं. एकदम. दिव्याचं बटण बंद केल्यासारखं. डोळा लाल हुता, दिसत बी अंधुक हुतं, पण दुखत न्हवतं. आईनं कोंबडी आणली. मी वाटीवर वाटी रस्सा वरपला.

पुढं डोळ्याच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी कापसाचा बारीक धागा पिळला आन् माझ्या बुबुळाला लावला.

"कळतंय का?"

"काय?" मी इचारलं.

बाईंनी धागा खाली ठेवला. मग त्यांनी सांगिटलं. बुबुळावर काचंसारखा पडदा असतोय. नागिणीनं त्या पडद्याची नस मारली. आता डोळ्यात कचरा गेला तरी कळणार न्हाय, पापणी मिटणार न्हाय, काचंला जखम हुणार आन् आतल्या आत वाढत जाणार. माझी लई वाढलती. मागं फिरायची वाट राहिली न्हवती.

म्हंजे दुखणं हे डोळ्याचा राखणदार हुतं. त्यो मेला, आन् आम्ही त्येच्या तेराव्याला जेवलो.

बाई म्हणाल्या, "इतक्या तरुण वयात नागीण अशी तोंडावर आली की रक्त तपासायला हवं." तपासलं. एचआयव्ही निघाला. मी दोन वरसं ट्रकवर क्लीनर हुतो. पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या, मी लपवत न्हाय आन् रडत बी न्हाय. नाव धम्मपाल. धंदा पेंटर. दुकानाचे बोर्ड, रिक्षाच्या मागची अक्षरं, गाडीचे नंबर. एका डोळ्यानं ब्रश पत्र्याला कवा टेकणार ते कळत न्हाय, म्हणून करंगळी पत्र्यावर टेकवून ब्रश धरायला शिकलो. दोनचार बोर्ड वाकडे झाले. लोकांनी शिव्या दिल्या. मी परत रंगवले.

हे दोन हजार सहा सालचं. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळायला लागून थोडेच दिवस झालते. मी बाकड्यावर बसलतो. माझ्या उजव्या अंगाला कोणतरी येऊन बसलं. त्या बाजूचं मला दिसत न्हाय. म्हणून बघायला मान वळवली, त्याच टायमाला तिनं बी वळवली, आन् टक्कुऱ्याला टक्कुरं आपटलं.

"आंधळा हाईस व्हय रं?"

"व्हय की. अर्धा."

ती हसायला लागली आन् मधीच थांबली. मी बघिटलं. तिचा डावा डोळा लाल, पापणी जड, आन् डाव्या कपाळावर गेरूचा जाड थर. वाळून चिरा पडलेला. 

तिच्या पलीकडं तिची आई. कपाळावर विभूतीचे पट्टे, काष्टा घट्ट, मांडीवर पिशवी. मला म्हणाली, "कुटलं पावणं?"

"हातकणंगल्याचा. मावशी, हे नागीणच न्हवं?"

"नागीणच. बुवाकडनं बांधून आणलीया. आमुशापतोर डोळ्याला औषिद न्हाय लावायचं. औषिद लावलं की ती चवताळती आन् तोंडाला शेपूट मिळवती. एकदा वेढा पुरा झाला की माणूस ऱ्हात न्हाय. माझी जाऊ अशीच गेली."

पोरगी म्हणाली, "आन् आता दुखत बी न्हाय. चार दिस झालं, ठणका गेला."

ते ऐकलं आन् माझ्या तोंडात त्या रश्श्याची चव आली.

मी उठून उभा राह्यलो. "आत्ताच्या आत्ता चला. डोळ्याचं डिपार्टमेंट वरच्या मजल्यावर हाय. दुखायचं थांबलंय म्हंजेच वाईट. माझा असाच गेला."

तिची आई बी उठली. "ओ पावणं, तोंड आवरा. पोरीला बरं वाटाय लागलंय तर तुमच्या जिभंला काय झालं? आम्ही रक्तासाठीच्या गोळ्या न्यायला आलोय. डोळ्याचं आमचं आम्ही बघतो."

"अव्वा, बस की," पोरगी म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळू, "वर मोतीबिंदूच्या लायनीत आमच्या गावची माणसं असत्यात. डॉक्टर इचारणार, दुसरा काय आजार हाय का. मी काय सांगू? घरचं सोडून गावात अजून कुणाला ठावं न्हाय."

"मग न्हाय म्हणून सांगणार?"

"मग काय करू?"

 गोळ्या घेऊन त्या गेल्या. जाताना तिनं एवढं सांगिटलं की कागलच्या पुढं गाव हाय, भावाचं गुऱ्हाळ हाय, आन् नाव दानेश्वरी. आईनं दंडाला धरून वढत नेली.

मी बाकड्यावर बसून राह्यलो. म्हंटलं, आपण सांगायचं ते सांगिटलं, सुटलो. पण सुटलो न्हवतो. त्या डोळ्यात अजून उजेड हुता. माझ्यासंगं बोलताना तिनं त्या डोळ्यानं बघिटलं हुतं, मी ते बघिटलं हुतं. गेलेल्या डोळ्यासाठी कुणी काय करत न्हाय. ह्यो अजून गेला न्हवता. आमुशा म्होरल्या आठवड्यात हुती.

दुसऱ्या दिवशी ब्रशाचा डबा घेटला आन् एसटीत बसलो.

एक गोष्ट पक्की केलती. तिचा आजार तिचा हाय. त्यो माझ्या तोंडातनं निघायचा न्हाय. मग गुऱ्हाळावर जाऊन काय सांगायचं? बोर्ड रंगवतो म्हणून सांगायचं.

कागलच्या पुढं इचारत इचारत गेलो, लांबनंच वास आला. चिमणीतनं धूर, उसाच्या चिपाडाचे ढीग, मोठ्या काहिलीत रस उकळतोय, आन् चिलटं. गोड वासाला येणारी बारकी चिलटं, ढगासारखी. तोंड उघडलं की आत. दारात एक आडमाप गडी उभा. तिचा भाऊ, प्रभुलिंग.

"कोण पावणं?"

"पेंटर. बोर्ड रंगवायचा हाय का इचारायला आलोय."

"बसनं आलायंस? बोर्ड इचारायला? कोल्हापुरातले सगळे बोर्ड संपले व्हय?"

गडी हसले. मी बी हसलो. मग त्यो म्हणाला, "बरं झालं आलास. बाप गेल्यापासनं गुऱ्हाळाला नाव न्हाय. तो पत्रा घे. श्री मल्लिकार्जुन गुऱ्हाळघर. मोठं लिही, वाटेवरच्या आंधळ्याला बी दिसलं पायजे."

"आंधळ्याचं माझ्याकडं लागलं," मी म्हंटलं.

म्हंजे खोटं बोलायला गेलो आन् खरंच काम गळ्यात पडलं. पत्रा घासला, पांढरा मारला, दोरी धरून रेघा मारल्या. दानेश्वरी चिपाड पसरत हुती. मला बघून थबकली, पण वळख दावली न्हाय. रत्नव्वानं, म्हंजे तिच्या आईनं, मातूर वळखलं. लांबनंच डोळे वटारले.

पोटाला भाकरी दिली त्यांनी. सगळी पिंपळाखाली बसलो. गडी पलीकडं, ही मायलेकरं अन् मी अलीकडं. दानेश्वरी माझ्या समोर. हवेत चिपाडाचा भुस्सा उडत हुता, मी सारखा डोळा चोळत हुतो. ती चोळत न्हवती.

"पेंटर, तुझं 'श्री' वाकडं झालंय," ती म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आन् तसंच ऱ्हायलं. एक चिलट आलं आन् तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं. पापणीवर न्हवं. डोळ्यावर. बुबुळावर, वलं असतंय तितं. बसलं आन् पाय हलवायला लागलं.

तिनं पापणी हलवली न्हाय. घास चावत हुती.

"अव्वा," मी रत्नव्वाला म्हंटलं, "तिच्या डोळ्यात बघा."

रत्नव्वा रागानंच वळली. बघिटलं. हातातली भाकरी खाली ठेवली. प्रभुलिंगनं बी बघिटलं.  रत्नव्वानं पदराचं टोक पुढं नेलं, चिलट उडालं, पदर डोळ्याला लागला असणार, तरी बी पापणी न्हाय हलली.

"दाने," रत्नव्वा म्हणाली, "तुला कळलं न्हाय व्हय गं?"

"काय?"

तोच शब्द. माझाच. मला तिथनं उठून पळावं वाटलं.

त्याऐवजी मी बोललो. गडी लांब हायत बघून, हळू. डॉक्टरबाईंनी मला जे सांगिटलं ते. दुखणं का थांबतंय, काच कशी झिजत जाती, भुस्सा आत जातोय आन् तिला कळत न्हाय.

प्रभुलिंगनं माझ्या डोळ्याकडं बघिटलं. "आन् तुला ही कुटं भेटली?"

"मी बी तिथंच येतो. गोळ्याला."

 त्येनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मी त्याच तांब्यातनं प्यालो, मग त्यो प्याला.

रत्नव्वा मातूर हटंना. "आमुशापतोर थांबा. माझी जाऊ डोळ्यादेखत गेली. तिला दवाखान्यात नेलती, औषिद लावलं आन् वेढा पुरा झाला."

ती हट्टी न्हवती. ती भ्यालती. भ्यालेल्या माणसाला डॉक्टरचं नाव सांगून चालत न्हाय. मी टोपी काढली आन् तिच्या म्होरं डोकं वाकवलं. "बोट फिरवा अव्वा. माझ्या नागिणीचा वण हाय. कुठवर लागतोय बघा."

तिनं बोट लावलं. उजव्या भुवईपासनं वण सुरू झाला, खड्डंखड्डं, आन् कपाळाच्या बरोबर मधी येऊन संपला. रेघ मारल्यावानी. डावं कपाळ साफ.

"मला गेरू बी लावला, औषिद बी लावलं. वेढा पडला न्हाय. ती लहानपणच्या कांजण्याची लागण असती, एका नसंत बसलेली. ती नस अर्ध्या तोंडाचीच हाय. मधली रेघ ती ओलांडत न्हाय. आता दानेश्वरीचं बघा."

रत्नव्वानं लेकीच्या कपाळावरचा गेरू अंगठ्यानं खरवडला. खाली वण. डावीकडनं आला आन् मधी थांबला. तिनं परत माझ्या कपाळावर बोट फिरवलं, परत लेकीच्या. बराच येळ.

"मग जाऊ कशानं गेली?"

"ते मला ठावं न्हाय," मी म्हंटलं. "खरंच ठावं न्हाय."

बहुतेक त्या 'ठावं न्हाय'नंच काम केलं. ती उठली, पिशवी घेटली. "प्रभू, गाडी काढ."

"आत्ता? काहील चुलीवर हाय."

"गूळ करपू दे. गाडी काढ."

दवाखान्यात डोळ्याच्या खोलीम्होरं लाईन हुती. आन् व्हायचं तेच झालं. लायनीत त्यांच्या गावची चिमणाबाई बसलेली, मोतीबिंदूला. "अगं बया, दाने! काय झालं गं डोळ्याला?" दार उघडंच. आत बोललेलं सगळं भाईर ऐकू यायचं.

डॉक्टरबाई माझ्याच. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळ्या उजेडात बघिटलं, मग कापूस लावला. दानेश्वरी गप्प बसून राह्यली. बाईंनी इचारलं, "दुसरा काही आजार? साखर? बीपी? काही औषधं चालू आहेत?"

रत्नव्वा वर पंख्याकडं बघायला लागली. प्रभुलिंग दार लोटायला निघाला.

"राहू दे दादा," दानेश्वरी म्हणाली. तिनं दारातनं चिमणाबाईकडं बघिटलं. मग डॉक्टरांकडं. "मला एचआयव्ही हाय. नवऱ्याकडनं आला, त्यो गेला, सासरच्यांनी मला हाकलली. गोळ्या चालू हायत. आता डोळ्याचं बोला."

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. 

बाई म्हणाल्या, "सांगितलंत ते फार चांगलं केलंत. त्यावरच औषध ठरतं. न सांगता कुणी लाली घालवायचे थेंब दिले असते तर डोळा लाल दिसला नसता आणि गेला असता." मग त्यांनी सांगिटलं. काचंला जखम हाय, पण आरपार न्हाय. नागिणीच्या गोळ्या, मलम. आन् पापण्या काही महिन्यासाठी शिवायच्या. डोळा स्वतः मिटत न्हाय, तर आपण मिटवून ठेवायचा, म्हंजे खाली जखम भरंल.

"शिवायच्या?" प्रभुलिंग वरडला. "पोरीचा डोळा शिवायचा? गुळाचं पोतं हाय का ते!"

"पूर्ण नाही. बाहेरच्या कडेनं. थेंब घालायला फट ठेवू."

"मग परत दिसंल का?" रत्नव्वानं इचारलं.

"शब्द देत नाही. पण न शिवता डोळा राहणार नाही, एवढं नक्की सांगते."

सगळी एकमेकाकडं बघायला लागली. दानेश्वरी माझ्याकडं वळली. "तुझ्या टायमाला शिवायला सांगिटलं असतं, तर?"

"दोरा मी घेऊन गेलो असतो."

"शिवा," ती डॉक्टरांना म्हणाली.

गावात व्हायचं ते झालं. चिमणाबाई घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली. दोन गडी गुऱ्हाळावर यायचे थांबले. प्रभुलिंगनं दुसरे बघिटले. एकजण त्येला म्हणाला, तुमचा गूळ आता कोण खाणार? प्रभुलिंगनं ढेपंचा तुकडा मोडला, त्येच्या हातात दिला आन् म्हणाला, "उकळत्या काहिलीत हात घालून ये, मग शहाणपण सांग." आन् खरं सांगू? गूळ खपला. त्या साली बी खपला.

चिमणाबाई एक दिवस आली. मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी. दानेश्वरीच्या शिवलेल्या डोळ्याम्होरं येऊन बसली. "मी सांगिटलं गावात. माझ्या पोटात ऱ्हात न्हाय काय."

"ठावं हाय मावशी. म्हणून तर मोठ्यांदा बोलले. नंतर नंतर ऐकण्यापरीस एकदाच ऐका."

चिमणाबाईनं चहा मागितला. रत्नव्वानं कपबशी पुढं केली. तिनं घेटली.

बोर्ड मातूर काय संपंना. मी आठवड्याला एकदा जायचो. एखादं अक्षर, एखादी सावली, कडेची वेल. प्रभुलिंग म्हणायचा, "अरं, राजवाडा रंगवतोयंस व्हय?" दानेश्वरी माझ्या मागं उभी राहून एका डोळ्यानं नदर ठेवायची. "डाव्या अंगाला उतरलंय." "'ळ'चं पोट मोठं झालंय, तुझ्यावानी." थेंब ती स्वतः घालायची, टायमाला, आरशात बघून, चुकली न्हाय. पोळी लाटत असली तरी हात धुऊन उठायची. रत्नव्वा डोळ्याला धूर लागू नये म्हणून तिला काहिलीकडं फिरकू द्यायची न्हाय. नागीण बांधणारा बुवा आमुशा झाल्यावर नारळ मागायला आला, तर त्येला म्हणाली, "नागीण डॉक्टरनं शिवून टाकली. जावा."

मी दानेश्वरीला एकदा इचारलं, भ्या वाटत न्हाय? उघडल्यावर काहीच दिसलं न्हाय तर?

"वाटतंय की," ती म्हणाली. "पण भ्यायला थेंबागत टायम ठरवलेला न्हाय. थेंबाला हाय."

हंगाम संपला, चूल थंड झाली, तवा टाके काढायचा दिस आला. आम्ही सगळी गेलो. बाईंनी बारीक कात्रीनं टाका कापला, पापण्या सोडवल्या. दानेश्वरीनं डोळा उघडला. बुबुळावर पांढरा डाग हुता, दुधाच्या थेंबाएवढा, पण कडेला.

"काय दिसतंय?"

"धुकं." रत्नव्वाचा हात पिशवीवर घट्ट झाला. "धुक्यात एक माणूस हाय. दाढी न करता आलाय."

प्रभुलिंग मोठ्यांदा हसला. मी गालावर हात फिरवला. खरंच केली न्हवती.

पण माझं ध्यान तिकडं न्हवतं. बाईंनी कापूस घेटला हुता. धागा पिळत हुत्या. दिसतंय हे खरं, पण राखणदार जागा झाला न्हाय तर परत तेच. त्या धाग्यावर मी डोळा लावला. माझा चांगला.

धागा मधी टेकला. काही न्हाय. वरच्या कडेला टेकला. काही न्हाय.  बाईंनी खालच्या कडेला लावला.

"अय्यो!" तिनं बाईंचा हात फटकन झटकला. पापणी गच्च मिटली, डोळ्यातनं पाण्याची धार लागली. "काय घालताय! टोचलं की!"

बाई हसल्या. "आणखी एकदा."

"आता न्हाय. दुखतंय."

"दुखलं?" रत्नव्वा खुर्चीतनं उठली. "खरंच दुखलं?"

"व्हय अव्वा. लई दुखलं."

रत्नव्वा खाली बसली आन् पदर तोंडात घालून रडायला लागली. मग रडता रडताच पिशवीतनं विभूतीची डबी काढली, लेकीच्या कपाळाकडं हात नेला, आन् मधीच थांबून डॉक्टरांकडं बघिटलं. "लावू का?"

"लावा. डोळ्यापासून लांब. आणि थेंब बंद करायचे नाहीत. राखण करायला आता निम्मा डोळा जागा झालाय, निम्मी राखण तुम्हाला करायची आहे."

भाईर बाकड्यावर बसलो. दानेश्वरी नेहमीसारखी माझ्या उजव्या अंगाला बसली. तिची डावी बाजू आन् माझी उजवी, दोन्ही आंधळ्या बाजू एकमेकाला लागून.  मग ती उठली आन् फिरून माझ्या डाव्या अंगाला येऊन बसली. आता मला ती दिसली. पाणी अजून गळत हुतं, पुसत हुती, पापणी फडफडत हुती.

"पेंटर."

"काय?"

"त्यो बोर्ड वाकडा हाय. मला वाटायचं, मला एका डोळ्यानं तसा दिसतोय. आज जाताना दोन्ही डोळ्यांनी बघते." तिनं परत डोळा पुसला. "वाकडा असला तर परत रंगवायचा. पयल्यापासनं."